आठवण : रविवारचा माहितीपट

सभासदहो, एड्समुळे आई-वडील गमावलेल्या मुलांच्या संगोपनावरचा माहितीपट येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता दादरला, आपल्या वाचनालयातच दाखवणार आहोत. मेगाब्लॉक असतोच, लवकर निघा. त्यातली आजी नातवाची गोळी चुकू नये म्हणून डबी देव्हाऱ्यात ठेवते; तेवढ्यासाठी तरी या.

नंतर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यावर बोलू. बाधित घर सांभाळणारं १२ ते १८ वयाचं समंजस भावंड शाळाप्रवेशासाठी, उपचारांसाठी धाकट्यांचं पालक होऊ शकतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

जुने कपडे मात्र कृपया आणू नका. मागच्या वेळची गाठोडी अजून कपाटामागे पडून आहेत! चहा आहे.

– कार्यवाह