दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

दांडी, मालवण

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

होमस्टेच्या पाहुण्यांना किनाऱ्यावरून जाळं ओढायची आपली रापण दाखवायचं तू ठरवलंस, बरं वाटलं. पण त्यासाठी लिहिलेला मजकूर वाचला आणि जीव खालीवर झाला. ‘मच्छीमारांचं जुनं निवांत जीवन’ असं लिहिलंयस. बाबू, तो ‘निवांत’ शब्द काढ.

1977 साली मी लग्न होऊन या घरात आले. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ सोडला की रापण सुरू व्हायची. रापणीचा म्होरक्या, तांडेल, पहाटेपासून पाण्याचा रंग बघत उभा असे. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोल फिरायची आणि दुसरा दोर घेऊन परत यायची. मग दोन्ही दोरांवर माणसं लागायची, पाय वाळूत रुतवून, मागे मागे सरकत, दोन-दोन तास. काथ्याचा ओला दोर तळहाताची साल काढतो. तुझ्या आजोबांच्या हातांना जेवताना मिठाची आमटी झोंबायची, म्हणून ते चमच्याने जेवत. लहानपणी तुला त्याचं हसू यायचं, आठवतं?

इतकं ओढून कितीदा जाळ्यात नुसतं शेवाळ आणि चार खेकडे. आणि कधी बांगडा असा लागायचा की होड्या पुरायच्या नाहीत. तेव्हाही रडूच. बर्फ नाही, घेणारा एकच व्यापारी, आणि त्याच्याकडून पावसाळ्यात उचल घेतलेली, म्हणून भाव तो सांगेल तो. शिरोड्याचं मीठ संपलं की उरलेली तारली माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरायची. एका वर्षी आजीने ती स्वतः पुरली. रात्री घरात पेजेला तांदूळ नव्हते.

आजीचं तर कुणीच लिहीत नाही. पुरुष ओढून थकले की झोपत. ती मात्र पाटी डोक्यावर घेऊन चौके गावापर्यंत अनवाणी जाई, मासळीच्या बदल्यात भात घेऊन येई. पाटीतलं खारं पाणी मानेवरून ओघळायचं. तिच्या मानेवर कायमची काळी खूण होती, मी शेवटची आंघोळ घातली तेव्हाही होती.

तुझे बाबा गिरणीत गेले ते याच हालांना कंटाळून. 1982 च्या संपानंतर परत आले आणि पुन्हा त्याच दोरावर उभे राहिले. पण तोवर समुद्रात ट्रॉलर आले होते, पुढे पर्ससीनवाले आले. थवा किनाऱ्याला लागायच्या आतच बाहेर वेढला जाऊ लागला. 2016 साली पर्ससीनवर निर्बंध आले, 2017 साली एलईडी दिवे लावून करायच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली. पण आपली रापण तोवर खोपीत मोडून पडली होती. जाळ्याचा आपला तुकडा बाबांनी सोडवून आणला, तो अजून माळ्यावर आहे. रापण म्हणजे घराघराचे तुकडे जोडलेलं जाळं, हे पाहुण्यांना नक्की सांग. तुकड्याचा वाटा, होडीचा वाटा, हाताचा वाटा, सगळं वाळूवरच वाटलं जाई.

एवढे हाल होते, तरी एक गोष्ट मला आजही मोठी वाटते. वाट्यावरून भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण नवरा बुडालेली बाई, शाळा चुकवून आलेलं पोर, कुणीही येऊन दोर धरला की त्याच्या पदरात मासळी पडायचीच. आजोबा ओरडायचे, “दोराक हात लावलल्याक रिकामो धाडू नुको!”

तेव्हा मजकुरात हे लिही. आणि पाहुण्यांनी दोर ओढला की प्रत्येकाच्या हातात चार पेडवे ठेव. त्याचे पैसे लावू नकोस.

सूनबाईंना व नातीला आशीर्वाद.

तुझी
आई