कप मोजलेत, पण टीम निवडायचं कोण ते राहूनच गेलं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या क्रिकेट, फुटबॉल आणि रग्बी टीमच्या इतिहासावर पानभर लेख आलाय तो वाचला. मेहनत घेतलीय यात वाद नाही, १८७२ ची ग्लासगोची ०-० मॅच आहे, १९६६ चा वर्ल्ड कप आहे, २००३ चा रग्बीचा आणि २०१९ चा क्रिकेटचा वर्ल्ड कप पण आहे. पण लेखाचा एकूण सूर असा की या लोकांनी खेळ शोधले, जगाला शिकवले आणि मग जग त्यांच्या पुढे निघून गेलं, बिचारे मागे राहिले. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय. इंग्लंडकडे चांगले खेळाडू कधीच कमी नव्हते, त्यातल्या कितीतरी जणांना दाराबाहेर उभं ठेवलं होतं, आणि दार धरून बसलेली माणसं त्यांच्याच क्रिकेट फुटबॉलच्या कमिट्यांवर होती. ही बाजू लेखात जवळजवळ नाहीच.

क्रिकेटचंच घ्या. तिकडे अमॅच्युअर म्हणजे जंटलमन आणि पैसे घेऊन खेळणारा म्हणजे प्लेयर, अशी सरळ विभागणी होती, दोघांची आपापसात मॅच व्हायची, १८०६ ला सुरू झाली ती थेट १९६२ पर्यंत चालली. ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची गेटं वेगळी, आणि स्कोअरकार्डवर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी तर प्लेयरची नंतर छापायची. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस नावाचा पोरगेलासा बॉलर बॅटिंगला येत होता आणि त्याचं नाव कार्डावर चुकून एफ. जे. टिटमस असं छापलं गेलं होतं, तर लाउडस्पीकरवरून दुरुस्ती जाहीर केली की ते टिटमस एफ. जे. असं वाचावं! भर मैदानात, प्रेक्षकांसमोर. पुढे याच टिटमसने इंग्लंडसाठी ५३ टेस्टमध्ये १५३ विकेट घेतल्या.

आता अशा ठिकाणी कॅप्टन कोण होणार हे वेगळं सांगायला नको. वॉली हॅमंड त्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात भारी बॅट्समन, पण प्रोफेशनल, म्हणून कॅप्टनसी नाही. मग त्याला एका टायर कंपनीत नोकरी मिळाली, त्याने यापुढे मी अमॅच्युअर असं जाहीर केलं आणि १९३८ ला लगेच कॅप्टन झाला. माणूस तोच, बॅट तीच, कव्हर ड्राइव्ह तोच, फक्त पगार कुठून येतो ते बदललं! लेन हटनने असलं काही केलं नाही, तो प्रोफेशनलच राहिला, १९५२ मध्ये त्याला कॅप्टन करावं लागलं आणि पुढच्याच वर्षी १९ वर्षांनी अॅशेस परत आली. आणि गंमत म्हणजे इंग्लंडचा कॅप्टन असलेला हा माणूस त्याच्या यॉर्कशायरचा कॅप्टन नव्हता, तिथे अमॅच्युअरच लागायचा.

बॉडीलाइनवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकायच्या डावपेचावर, तुम्ही अर्धा कॉलम दिलाय पण त्यात हॅरोल्ड लारवूडचं पुढे काय झालं ते नाही. नॉटिंगहॅमशायरच्या कोळशाच्या खाणीत काम केलेला पोरगा, कॅप्टन जार्डिनने सांगितलं तशी बॉलिंग टाकली, १९३२-३३ च्या त्या सिरीजमध्ये ३३ विकेट काढल्या आणि पाय मोडून घेतला. परत आल्यावर दोन देशांचे संबंध बिघडायची वेळ आली तेव्हा माफीनाम्यावर सही कर असं कोणाला सांगितलं? लारवूडला. तो म्हणाला मी कॅप्टनचं ऐकलं, माफी कसली मागू, आणि इंग्लंडकडून परत एकही टेस्ट खेळला नाही. ज्याचा प्लॅन होता तो जार्डिन १९३३-३४ मध्ये भारतात टीम घेऊन आला, कॅप्टन म्हणून, बॉम्बे जिमखान्यावरची भारतातली पहिली टेस्ट त्याच्याच कॅप्टनसीत झाली. नंतर तोही बाजूला झाला हे खरंय, पण स्वतःच्या मर्जीने. लारवूड १९५० मध्ये घरदार उचलून चक्क ऑस्ट्रेलियात राहायला गेला, ज्यांच्या बरगड्या शेकल्या त्यांच्याकडेच, आणि त्यांनी त्याला नीट सांभाळलं.

रणजीचा, म्हणजे इंग्लंडकडून खेळलेल्या आपल्या रणजितसिंहजींचा, उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलाय. १८९६ ला लॉर्ड्सच्या टेस्टला त्याला घेतलं नव्हतं, तो धावांचा ढीग घालत असताना. त्या काळी ज्या मैदानावर मॅच तिथली कमिटी टीम निवडायची, त्यामुळे पुढची टेस्ट ओल्ड ट्रॅफर्डला होती तिथल्या लँकशायरवाल्यांनी घेतला, आणि त्याने ६२ आणि नाबाद १५४ केले. म्हणजे इंग्लंडचा एक महान बॅट्समन टीममध्ये आला तो फक्त कमिटी बदलली म्हणून, खेळ तर महिनाभरापूर्वी पण तोच होता ना.

रग्बीत तर यापेक्षा मोठा घोळ घातला. उत्तरेतल्या यॉर्कशायर लँकशायरच्या टीममध्ये गिरणीतले, खाणीतले कामगार खेळायचे, शनिवारी मॅच खेळायला गेलं की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. तेवढी भरपाई द्या इतकीच मागणी होती, त्याला ब्रोकन टाइम म्हणायचे. लंडनवाल्यांनी नाही म्हटलं, त्यांना मजुरी बुडणं म्हणजे काय हेच माहीत नसणार, आणि २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब बाहेर पडले. रग्बी लीग हा वेगळा खेळच तिथून पुढे तयार झाला. परिणाम बघा, १८९२ मध्ये इंग्लंडने एकही पॉइंट न देता चॅम्पियनशिप जिंकली होती, त्यानंतर पुढची थेट १९१० ला. अठरा वर्षं! आणि लीग खेळलेल्या माणसाला मूळच्या रग्बीचा, म्हणजे रग्बी युनियनचा, दरवाजा कायमचा बंद, हे १९९५ पर्यंत चालू होतं. २००३ च्या फायनलबद्दल तुमच्या लेखात विल्किन्सनचा शेवटचा ड्रॉप गोल आहे, असायलाच पाहिजे, पण त्या मॅचमध्ये इंग्लंडचा एकमेव ट्राय जेसन रॉबिन्सनचा होता आणि तो आला होता रग्बी लीगमधून. आठ वर्षं आधी नियम सैल झाले नसते तर सिडनीला तो मैदानात नसताच, टीव्हीसमोर असता.

फुटबॉलमध्ये तर सगळाच आनंद. फुटबॉल असोसिएशन १९२८ ला फिफातून बाहेर पडली, कारण तेच, अमॅच्युअर खेळाडूंना ब्रोकन टाइमचे पैसे द्यायचे की नाही, त्यामुळे पहिल्या तीन वर्ल्ड कपला इंग्लंड नाहीच. १९५० ला ब्राझीलला गेले तेव्हा मॅनेजर वॉल्टर विंटरबॉटम सोबत होता, पण टीम निवडायचा अधिकार त्याला नव्हता, तो होता आर्थर ड्रूरी नावाच्या ग्रिम्सबीच्या माशांच्या व्यापाऱ्याकडे. चिलीला २-० ने हरवलं होतं म्हणून जिंकणारी टीम बदलायची नाही असं ड्रूरीसाहेबांनी ठरवलं, आणि स्टॅनली मॅथ्यूज स्टँडमध्ये बसून बघत असताना इंग्लंड अमेरिकेकडून १-० ने हरलं. तुम्ही या मॅचला 'धक्कादायक' म्हणून पुढे गेलात. धक्कादायक काय त्यात, मॅथ्यूजला बाहेर बसवल्यावर!

१९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने ६-३ ने धुतलं त्या मॅचमध्ये राइट बॅक अल्फ रॅम्सी होता, इंग्लंडचा तिसरा गोल त्याचाच, पेनल्टीवर, आणि ती त्याची इंग्लंडसाठीची शेवटची मॅच ठरली. तो मॅनेजर झाला तेव्हा त्याची अट एकच, टीम मी निवडणार, कमिटी नाही. तीन वर्षांत वर्ल्ड कप. आता फक्त यामुळेच जिंकले असं मी म्हणत नाही, बॉबी मूर होता, चार्लटन होता, घरचं मैदान होतं, पण माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल होता आणि तुमच्या लेखात त्यावर एक शब्द नाही. तरी पदकं मिळाली फायनलला मैदानात असलेल्या अकराच जणांना, जिमी ग्रीव्ह्ज आणि बाकीच्यांना ती २००९ मध्ये दिली.

आणि जॅक लेस्ली. हे नाव लेखात शोधलं, नाही सापडलं. प्लिमथ अर्गाइलचा फॉरवर्ड, १९२५ मध्ये इंग्लंडच्या टीमसाठी निवड झाल्याची बातमी आली, गावभर चर्चा झाली, आणि मग अंतिम यादीत नाव गायब. वडील जमैकाचे, कातडीचा रंग काळा. आयुष्यभर एकही मॅच मिळाली नाही. म्हातारपणी तो वेस्ट हॅमच्या बूट रूममध्ये कामाला होता, म्हणजे ज्या क्लबने १९६६ च्या टीमला मूर, हर्स्ट आणि पीटर्स दिले त्या क्लबच्या खेळाडूंचे बूट हा माणूस साफ करत होता. इंग्लंडसाठी पहिला काळा खेळाडू पूर्ण आंतरराष्ट्रीय मॅच खेळला तो व्हिव्ह अँडरसन, १९७८ मध्ये, लेस्लीच्या त्या यादीनंतर त्रेपन्न वर्षांनी. असोसिएशनने २०२३ मध्ये लेस्लीला मरणोत्तर कॅप दिली. दिली हे चांगलंच केलं.

बायकांच्या टीमला तुम्ही शेवटची चार ओळींची चौकट दिलीत, २०२२ चा युरो आणि मग २०२५ चा, संपलं. अहो, १९२० च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या मुलींची टीम, डिक कर लेडीज, खेळली तेव्हा ५३ हजार लोक आत होते आणि हजारो बाहेर राहिले. वर्ष पण झालं नाही तर डिसेंबर १९२१ मध्ये असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या मॅच बंद केल्या, हा खेळ त्यांना झेपणारा नाही म्हणून. बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. महिलांची पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच १९७२ ला, पुरुषांच्या पहिल्या मॅचनंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, आणि ती पण स्कॉटलंडमध्येच स्कॉटलंडविरुद्ध, ३-२ जिंकल्या. या पन्नास वर्षांत डिक कर लेडीजच्या लिली पारसारख्या किती खेळाडू वाया गेल्या ते कोण मोजणार. क्रिकेटमध्ये तर महिलांचा वर्ल्ड कप १९७३ ला झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी, इंग्लंडने जिंकला, आणि जिंकून देणाऱ्या कॅप्टन रेचल हेहो फ्लिंटना एमसीसीची (लॉर्ड्स ज्यांच्या मालकीचं तो क्रिकेट क्लब) मेंबरशिप मिळाली १९९९ मध्ये, कारण त्याआधी बायकांना घेतच नव्हते.

आता कोणी म्हणेल हे सगळं जुनं झालं, आज इंग्लंडची टीम बघा, आदिल रशीद आहे, जोफ्रा आर्चर आहे, आयर्लंडचा मॉर्गन कॅप्टन होऊन वर्ल्ड कप जिंकून गेला. मान्य. पण जून २०२३ मध्ये तिकडच्याच क्रिकेट बोर्डाने नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट आला त्यात वंशभेद, बायकांना दुय्यम वागणूक आणि वर्गभेद तिन्ही अजून आहेत असं स्पष्ट लिहिलंय, आणि बोर्डाने माफी मागितली. कौंटीच्या यादीतली प्रायव्हेट शाळांची नावं बघितली की रिपोर्ट वाचायची पण गरज पडत नाही.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली लिहिलंय म्हणून विनंती, त्यात फायनलचे स्कोअर थोडे कमी करा आणि लारवूड, लेस्ली, हेहो फ्लिंट यांना जागा द्या. आणि एक दुरुस्ती पण छापा, इंग्लंडचा पहिला प्रोफेशनल टेस्ट कॅप्टन हटन असं तुम्ही लिहिलंय ते चूक आहे, १८७७ ला मेलबर्नच्या पहिल्याच टेस्टमध्ये कॅप्टन होता जेम्स लिलीव्हाइट आणि तो प्रोफेशनल होता. हटन विसाव्या शतकातला पहिला.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक