डीपी जळाली त्या दिवशी धावून आलेल्यांचे आभार

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी पंचवटीतल्या एका शाळेत आठवीच्या मुलांची स्ट्रूप चाचणी घ्यायची होती. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. मुलाने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. वाचायची सवय आड येते आणि वेळ जास्त लागतो. पालकांची संमतीपत्रं हातात, मुलं तयार, आणि ऐन वेळी परिसरातली डीपी जळाली. संगणक कक्ष बंद. परीक्षा तोंडावर, त्यामुळे दुसरी तारीख मिळणं कठीणच.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 साली हा प्रयोग छापील कार्डांवरच मांडला होता. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन रविवार कारंजाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात धावले. दुकानातल्या दादांनी रांगेतल्यांना विनंती करून माझं काम आधी घेतलं. पहिली प्रिंट स्वतः बाहेर उन्हात नेऊन पाहिली. “ताई, हिरवा नि निळा सारखाच दिसतोय, पोरं गोंधळतील,” म्हणाले, आणि रंग नीट करून पुन्हा काढली. अशा प्रयोगात नेमकी हीच गोष्ट सगळं बिघडवते! वाया गेलेल्या कागदांचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

इकडे शाळेच्या शिपाई मावशींनी भरपूर उजेडाची खोली झाडून ठेवली होती. प्रत्येक मुलाला सारखाच प्रकाश मिळावा म्हणून बाक खिडकीशी लावला, आणि मधल्या सुट्टीतही दाराबाहेर स्टूल टाकून गलका थोपवत बसल्या. डबासुद्धा तिथेच खाल्ला.

सगळ्या मुलांच्या नोंदी त्याच दिवशी झाल्या. दादा, मावशी, तुमचे मनापासून आभार. प्रकल्प जमा झालाय. बांधलेली प्रत दाखवायला येतेच आहे.