ओसाकाहून पत्र : जळालेला मठ, उरलेला स्तूप

ओसाका
१२ एप्रिल

प्रिय अव्या,

ओसाकाचा किल्ला कसा आहे, विचारलंस. लांबून झकास, पण मधली इमारत १९३१ सालची, काँक्रीटची. वर जायला चक्क लिफ्ट. मूळ किल्ला बांधणाऱ्या हिदेयोशीने, म्हणजे सोळाव्या शतकातल्या बलाढ्य सरदाराने, जे जाळलं, ते परवा बघून आलो. त्याबद्दलच लिहितो.

वाकायामाकडे इवादे म्हणून लहानसं शहर आहे. तिथं इझुमी डोंगररांगेच्या पायथ्याशी नेगोरोजी मठ. कोयासान या मठांच्या डोंगरावरच्या मंडळींशी बिनसल्यावर काकुबान नावाचा भिक्षू ११४० साली इकडे आला. पुढच्या चार शतकांत मठाचा पसारा असा वाढला की विचारू नकोस : शेकडो उपमठ, अफाट जमिनी आणि त्या राखायला हत्यारबंद भिक्षू. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला टेकडी, म्हणजे निम्मी तटबंदी आयतीच. १५४३ साली फिरंगी तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले (गोव्यात ठाण मांडून बसलेलेच हे), आणि थोड्याच वर्षांत नेगोरोचे बंदूकधारी नावाजले.

भिक्षूंच्या हातात बंदुका म्हटल्यावर तू नाक मुरडणार. अरे, आपल्याकडच्या गोसाव्यांच्या फौजा आठव की! जमीनजुमला होता, सरकार धड नव्हतं, मग हेच व्हायचं. मला तरी त्यात ना ढोंग दिसतं, ना शौर्य.

१५८४ मध्ये हिदेयोशी तिकडे इएयासू या प्रतिस्पर्धी सरदाराशी झुंजत होता, तेव्हा नेगोरोच्या भिक्षूंनी इएयासूची बाजू घेऊन ओसाकाच्या दिशेने मुसंडी मारली. हे त्याला झोंबलं. दुसऱ्याच वर्षी तो प्रचंड फौज घेऊन आला आणि मठ जळून खाक झाला. गंमत म्हणजे उरल्यासुरल्या बंदूकधाऱ्यांना पुढे इएयासूनेच पदरी ठेवलं.

आगीतून वाचलं ते थोडकं. त्यात १५४७ साली पुरा झालेला दाइतो, म्हणजे महास्तूप. सगळा लाकडी, चाळीसेक मीटर उंच. खालचा मजला चौकोनी, वरचा गोल. मी आधी मान वर करून छपराखालच्या तुळयांची गुंतवळ बघत बसलो. मग खाली लाकडात गोळ्यांची भोकं दिसली. बोटाचं टोक जेमतेम मावेल एवढी, कडा वयाने गुळगुळीत झालेल्या. शेजारून एक शाळकरी पोरगा भोकं मोजत होता, आजी त्याला ओढत होती. स्तूपाच्या आतही जाता येतं. तिथं मात्र युद्धाची आठवणसुद्धा होत नाही.

बाकी शोधायचं ते जमिनीखाली. उत्खननात जळक्या मातीचा थर लागला, घरांचे पाये आणि मोठाले रांजण सापडले. वर बघावं तर शेतं, घरं आणि मोहोर गळत आलेली चेरीची झाडं. भिक्षू वापरायचे ती लाखकामाची भांडीही बघ. काळ्यावर लाल लाख चढवलेली, वापरून लाल झिजली की खालचा काळा डोकावतो. अशी झिजलेली भांडीच इथं जास्त मोलाची मानतात. किंमत विचारली आणि गुपचूप खाली ठेवली.

तू नोव्हेंबरात ये, मेपल लाल झालेले असतात. इवादेपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. पण बसगाड्या फार कमी, तेव्हा सकाळीच निघू. तिकीट काढलंस की कळव. काकूंना नमस्कार, आणि येताना त्यांच्या हातचं मेतकूट विसरलास तर स्टेशनवरूनच परत धाडीन.

तुझा,
मंदार