गांधीसागरजवळ भेटलेल्या काकांस

काका, नमस्कार.

तुम्ही नाव सांगितलं नाही, मीही विचारायचं विसरलो, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. मे महिन्यातली संध्याकाळ, नागपुरात महाल भागातून परतताना गांधीसागरच्या कडेला बंद पडलेली काळी बुलेट आणि घामाने निथळणारा मी. मागून तुमचा आवाज आला, "काऊन ढकलून राहिला बाबू? पेट्रोल आहे ना?"

पेट्रोल होतं. बाबांची 1994 ची गाडी. दोन महिने तिने मला रडवलं होतं. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, घासले, शेवटी प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइलही नवी टाकली. तरी चार-पाच किलोमीटरवर बंद पडायची ती पडायचीच, आणि जरा थांबलं की गुमान सुरू.

तुम्ही एकाही नटाला हात लावला नाही. "चाबी लाव, किक हळूहळू दाब," म्हणालात आणि करंट दाखवणाऱ्या अँपिअर मीटरकडे बघत राहिलात. पॉइंट जुळले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. मला हे ठाऊक होतं, पण तो काटा मी फक्त किकची जागा शोधायला वापरायचो. त्या दिवशी तो जेमतेम थरथरला. मग हॉर्न दाबायला लावलात. घसा बसल्यासारखा वाजला. "हॉर्न अन् कॉइल एकाच दिवशी बिमार पडत नाही. करंट मागूनच कमी येऊन राहिला."

स्कूटरच्या डिकीतून मल्टिमीटर निघाला, चाबीच्या स्विचच्या वायरींसाठी हेडलाइट उघडला. मी शहाणपणा केला, की स्विच गॅरेजमध्ये तपासलाय, जोडणी बघताना मीटर पीं वाजलं होतं. तुम्ही हसलात. पीं वाजायला नखभर करंट पुरतो, तेवढा जळक्या कॉन्टॅक्टमधूनही जातो. कॉइल तीन-चार अँपिअर मागते तेव्हा स्विचचं खरं रूप दिसतं. म्हणून चाबी चालू, पॉइंट जुळलेले, मीटर 20 व्होल्ट डीसीवर, आणि एक पिन स्विचच्या अलीकडच्या वायरला, दुसरी पलीकडच्या. चांगल्या स्विचवर आकडा शून्याच्या जवळपास हवा. आमच्याकडे 5.8 व्होल्ट! चाबी बोटाने जराशी तिरकी केली तर 0.6, सोडली की पुन्हा 5.8. निम्मी बॅटरी स्विचच खात होता. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो, तर ओरडलात, "बंद कर चाबी, गाडी उभी अन् पॉइंट जुळलेले, कॉइल तापून जाईन!"

त्या दोन वायरी तुम्ही एका तुकड्याने जोडल्या, वर टेप गुंडाळली. पहिल्या किकला गाडी सुरू. "घरापर्यंतच हं. आता चाबीनं बंद नाही होणार, डिकंप्रेशर ओढ." तो खटका ओढला की सिलिंडरमधला दाब सुटून इंजिन थांबतं.

दुसऱ्या दिवशी नवा स्विच बसवला. आता तिथे 0.05 दिसतात. जुना फोडून पाहिला, आतली पितळी पट्टी एका कडेला काळी पडून खड्डे खाल्लेली. कॉइलचे पैसे उगाच गेले, याचा राग अजून आहे, पण स्वतःचा मीटर घेतलाय.

पैसे काढले तेव्हा तुम्ही हात झटकून म्हणालात, "तर्रीपोहे खाऊ घाल कधी." रविवारी सकाळी मी त्याच रस्त्याने जातो. हॉर्न आता खणखणीत आहे, ऐकू आला तर हात दाखवा.

तुमचा,
काळ्या बुलेटवाला