झाड तोडायचं का छाटायचं, हे लाकूडवाल्याला विचारू नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी परभणीचा. आयुष्यभर घरबांधणीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काम केलं, आता घरीच असतो, त्यामुळं एप्रिल-मे आला की ओळखीपाळखीचे लोक एकच प्रश्न घेऊन येतात, घराजवळचं मोठं झाड छाटू का मुळासकट काढून टाकू. कोणाच्या भिंतीला तडे गेलेले असतात, कोणाच्या झाडाची फांदी वळवात पडून शेजाऱ्याची गाडी चेपलेली असते, कोणाला तारेखालचं झाड कमी करा म्हणून सांगून गेलेले असतात. प्रश्न खरा आहे, हौसेनं कोणी विचारत नाही. पण माझ्याकडं यायच्या आधी बहुतेकांनी लाकूडवाल्याला विचारून घेतलेलं असतं आणि तिथंच सगळं चुकायलंय असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडं हा व्यवहार कसा होतो बघा. झाडावर चढणाऱ्याला रोख पैसे द्यायची बऱ्याच जणांची तयारी नसते, लाकूड तू घेऊन जा आणि काम फुकट कर असं ठरतं. मग ते लाकूड आरागिरणीत नाहीतर वीटभट्टीवर जातं. म्हणजे त्याची मजुरी जाड लाकडात आहे, वाळक्या काटक्या उतरवून त्याला काहीच सुटत नाही. असा माणूस झाडाकडं बघून काय सांगणार, "मालक, आतून पोकळ आहे, यंदाचा पावसाळा काढत नाही." त्याला मी दोष देत नाही, त्याचं पोट त्याच्यावर आहे आणि जीव धोक्यात घालून तो वर चढतो. पण ज्याला लाकडात मजुरी मिळते त्याच्या सल्ल्यावर पन्नास वर्षांचं झाड जाऊ नये. रोख मजुरी द्या आणि लाकूड तुम्ही ठेवा, एवढं एक केलं तरी सल्ला बदलतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता मालक तोडायला तयार नसला की दुसरा प्रकार होतो, झाड बोडकं करायचं. सगळ्या मोठ्या फांद्या मधूनच कापायच्या, नुसते खुंट ठेवायचे, आणि म्हणायचं की झालं, आता वारा लागणार नाही. याच्यासारखं नुकसान दुसरं नाही. पानं गेली म्हणजे झाडाचं जेवण गेलं, मग ते जगायसाठी साठवलेलं सगळं खर्च करून प्रत्येक खुंटावर धुमाऱ्यांचा झुपका काढतं. लोकांना वाटतं झाड कसं जोमात आलं. पण हे धुमारे सालीच्या लगेच खालून निघालेले असतात, जुन्या फांदीसारखी त्यांची पकड आत लाकडात नसते, आणि खाली खुंट कुजत चाललेला असतो. तीन-चार वर्षात ते मनगटाएवढे होतात आणि एखाद्या वळवात सालीसकट निखळून पडतात. म्हणजे जे झाड धोक्याचं नव्हतं ते आपणच पैसे घालून धोक्याचं केलं. त्यात हे सगळं ऐन मे महिन्यात चालतं, परभणी-नांदेडला पारा ४३-४४ ला टेकलेला असतो तेव्हा, सावलीची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच सावली घालवायची, आणि ज्या खोडाला कधी ऊन माहीत नव्हतं त्याची साल उन्हानं भाजून निघते ते वेगळंच.

छाटणी करायची असेल तर ती कशी करायची हे काही गुपित नाही. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आत काय होतं ते बघितलं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड तेवढा भाग आतून कोंडून टाकतं आणि पुढं वाढत राहतं. फांदी खोडाला जिथं चिकटते तिथं एक फुगीर वळी असते, कोंडायचं काम तिथूनच होतं. म्हणून फांदी त्या वळीच्या बाहेर लगेच कापायची, खोडाला घासून वळी उडवायची नाही आणि हातभर खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर आधी थोडं लांबवर खालून अर्धवट काप द्यायचा, मग वरून कापून वजन उतरवायचं, आणि शेवटी वळीजवळचा काप नीट घ्यायचा, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. कापलेल्या जागी डांबर नाहीतर ऑइल पेंट फासतात, त्यानं आतलं कुजणं थांबत नाही. आधी वाळलेलं, मोडलेलं, एकमेकाला घासणारं काढायचं. घरावर आलेली लांब फांदी कमी करायची असेल तर जिथं बरी जाड उपफांदी फुटलीय तिथपर्यंतच मागं घ्यायची. आणि एका वर्षात हिरव्या डोलाऱ्याचा पाव हिस्सा ही शेवटची हद्द, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून बराच कमी. कडुलिंबाची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करावी, नवी पालवी फुटायच्या आधी. ढोलीत पोपट, पिंगळा नाहीतर वर कावळ्याचं घरटं आहे का हे वर चढायच्या आधी खालून नीट बघा, पिल्लं असतील तर काम पुढं ढकला.

प्रत्येक झाड ठेवाच असं मी म्हणत नाही. काही झाडं काढायलाच पाहिजेत, आणि ती उशीर न करता. पण ते ठरतं बुंध्यावरून, उंचीवरून नाही. झाड उंच आहे म्हणून भीती वाटते आणि खाली कोणी वाकून बघत नाही. जे झाड लहानपणापासून कललेलं आहे आणि वर जाऊन परत सरळ झालंय, ते बहुतेक वेळा सुखरूप असतं. पण कालपर्यंत सरळ होतं आणि एका पावसात कललं, कललेल्याच्या उलट बाजूची माती उचललीय, तिथं भेग पडलीय, तर त्या झाडाखाली माणूस झोपू देऊ नका आणि गाडी लावू नका, लगेच पालिकेला कळवा. बुंध्याला पावसाळ्यात कठीण फळीसारख्या अळंब्या दरवर्षी येत असतील तर मुळाशी कूज आहे. दोन जाड खोडं अगदी चिमट्यासारखी एकमेकाला चिकटून वर गेलीत आणि मधे साल दबलीय, तिथं उभी भेग दिसायली, तर तेही चांगलं लक्षण नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नालीसाठी, पाइपलाइनसाठी नाहीतर रस्त्यासाठी एका बाजूची जाड मुळं तोडलेलं झाड. वरून ते हिरवंगार दिसतं, कारण उरलेली मुळं पाणी देत असतात, पण धरून ठेवणारं त्या बाजूला काहीच राहिलेलं नसतं. नुसती ढोली असणं हा मात्र गुन्हा नाही. खोडाचा मधला भाग मेलेलाच असतो, भार आणि पाणी बाहेरच्या भागावर असतं, भोवतालचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ चिंच कितीतरी वर्षं उभी राहते.

झाडाच्या जातीचाही विचार करावा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, घराला खेटून असेल आणि म्हातारा झाला असेल तर तो काढायला माझी हरकत नाही. शेवग्याचंही तसंच, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. पण लिंब, चिंच, आंबा ही वाऱ्यापावसात टिकणारी झाडं आहेत, त्यांना गुलमोहराच्या रांगेत बसवू नका. आणि भिंतीच्या सांध्यात, गच्चीवरच्या पाइपाजवळ पिंपळाचं रोप आलं असेल तर ते आजच काढा, तिथं दया नको, ते खरंच भिंत फोडतं.

आता तड्यांचं बोलतो, कारण माझं काम तेच होतं आणि सगळ्यात जास्त झाडं याच एका कारणानं जातात. भिंतीला तडा दिसला, बाहेर दहा-पंधरा फुटावर लिंब दिसला, म्हणजे मुळांनी पाया फोडला असं घरातले ठरवून टाकतात. अहो, आपल्या काळ्या मातीचा स्वभाव बघा ना. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या मातीवर तीन-चार फूट पाया घेऊन घर बांधलं तर जिथं आसपास एकही झाड नाही तिथंही तडे जातात, आणि अशी घरं मी ढिगानं दाखवतो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटात पसरतात, नीट बांधलेला पाया ती धडका देऊन फोडत नाहीत. चेंबर, सेप्टिक टँकमधे मूळ जातं हे खरं, पण बहुतेक ते आधीच फुटलेल्या सांध्यातून जातं, तिथं सांधा दुरुस्त करायचा असतो.

झाड काहीच करत नाही असंही नाही. मोठं झाड जमिनीतलं पाणी ओढतं, कोरड्या वर्षात पायाजवळची माती जास्त आकसते आणि तडा वाढू शकतो. पण उपाय म्हणून ते झाड एकदम काढलं तर काय होतं हे कोणी सांगत नाही. घर झाडाच्या नंतर बांधलेलं असेल, तर ते झाडानं कोरड्या केलेल्या मातीवर बसलेलं असतं. झाड गेलं की पाणी ओढणारं कोणी राहत नाही, पुढच्या काही पावसाळ्यात ती माती हळूहळू फुगत जाते आणि फरशी वर उचलते, दार चौकटीला घासायला लागतं, नवे तडे येतात. आणि मग लोक म्हणतात झाड काढलं तरी त्याची मुळं त्रास द्यायलीत! घर आधीचं आणि झाड नंतरचं असेल तर हा धोका बराच कमी. म्हणून तोडायच्या आधी एवढंच विचारा, आधी कोण होतं.

आणि घाई करू नका. तड्यावर काचेची एक बारीक पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा, शेजारी भिंतीवर तारीख लिहा. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे. वर्षभर बघा, तडा मे महिन्यात रुंद होऊन पावसाळ्यात मिटत असेल तर तो मातीचा खेळ आहे. मग आधी घराभोवती उतार देऊन फरशीचा पट्टा करा, गच्चीचं पाणी पायाशी पडू देऊ नका, मोरीचं पाणी भिंतीजवळ मुरत असेल तर ते लांब न्या. माझ्या बघण्यात बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच भागलं आणि झाडही राहिलं. मात्र कॉलममधे तडा असेल, भिंत झुकली असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

अजून एक. कडुलिंबाचे शेंडे वाळले, झाड जळाल्यासारखं दिसायलं म्हणून लोक तोडून टाकतात. तेलंगणात २०२१ साली लिंबावर असा शेंडेमर मोठ्या प्रमाणात आला होता, नांदेडच्या पलीकडंच ते राज्य आहे. त्यातली बरीच झाडं पुढं परत फुटली. तेव्हा नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं ओलं असेल तर ते जिवंत आहे, एक उन्हाळा थांबा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शहरात आणि नगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडं जतन करायचा कायदा लागू आहे, झाड आपल्या आवारात असलं तरी परवानगी लागते. या कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं कापणं नाही, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. म्हणजे बुंध्याची साल गोल सोलणं, मुळात अ‍ॅसिड ओतणं हे जे रात्रीतून चालतं ते सगळं त्यात बसतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटलंय, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची अट आली. खेड्यातही चिंच, आंबा, जांभूळ या झाडांना १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, शेत आपलं असलं तरी.

पण खरं सांगू का, अर्ज करणाऱ्याला पालिकेत गेल्यावर एकतर हो मिळतं नाहीतर नाही, झाडाचं नेमकं काय करावं हे सांगणारा माणूस मिळत नाही, आणि म्हणून तो परत लाकूडवाल्याकडं जातो. लावायचा उत्साह आपल्याकडं भरपूर आहे, २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांची मोहीम झाली, २०२० ला बीडजवळ पालवणच्या देवराईत वृक्षसंमेलन भरलं आणि वडाला अध्यक्ष केलं, मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. उभ्या झाडाची काळजी घेणारं मात्र खातं नाही. माझी मागणी एवढीच आहे की मराठवाड्यातल्या प्रत्येक नगरपालिकेनं निदान एक माणूस झाड तपासायला शिकवून तयार करावा. परभणीत आपलं कृषी विद्यापीठ आहे, त्यांनी चार दिवसांचा वर्ग घ्यावा आणि त्यात झाडावर चढणाऱ्या कामगारांनाही बसवावं, हेल्मेट, दोर, पट्टा द्यावा, मजुरीचा दर ठरवून द्यावा. त्या माणसानं घरी येऊन बुंधा बघावा आणि कागदावर लिहून द्यावं, ही फांदी काढा, एवढंच काढा, नाहीतर हे झाड पावसाच्या आत उतरवा. आणि पालिकेनं रस्त्याकडेला बुंध्यापर्यंत जे गट्टू आणि सिमेंट ठोकलंय ते निदान तीन-तीन फूट मोकळं करावं. हे काम जानेवारीत सुरू केलं तर मे मधली पळापळ वाचते.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
परभणी