वाईचं स्वयंपाकघर

निशिकासाई, टोकियो

प्रिय शुभे,

रागावली असशीलच. फोनवर हे बोलायला गेलं की तू मधेच हसवतेस, म्हणून कागद घेतला. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत उतामारो या जुन्या जपानी चित्रकाराचं एक चित्र मिळालं. अस्सल नव्हे गं, अलीकडचा छाप. अस्सल घ्यायला वाईचं घर विकावं लागेल. ते तर विकतोच आहोत, त्यावर येते.

चित्र 1795च्या सुमाराचं, स्वयंपाकघरातल्या बायकांचं. एक फुंकणीने चूल फुंकतेय, दुसरी धुराने तोंड वाकडं करतेय, आणि एकीला तिचं पोर लोंबकळतंय. मला थेट आक्काच दिसली. तू म्हणशील, स्वयंपाकघर देखणं दिसतं ते तिथे न राबणाऱ्याला. होस्टेलवर यावरूनच अबोला धरला होतास ना? निम्मं तुझं खरं. एकीच्याही मानेवर घामाचा थेंब नाही. पण ते वाकडं तोंड बघ! सुंदर बायकांची चित्रं विकून पोट भरणाऱ्या माणसाने ते काढलंय.

त्याच्या आधीचा चित्रकार हारुनोबू तर महाबिलंदर. चिनी निसर्गचित्रांतली प्रसिद्ध आठ दृश्यं त्याने घरात आणून बसवली: टॉवेलच्या दांडीत परतणारी शिडं, घड्याळात देवळातली सांजघंटा. आक्काच्या मांडणीवरच्या डब्यांत कुणाला मेणवलीचा घाट दिसला असता का?

तर घर. व्यवहार ठरलाय. सगळे अल्बम चाळले. ओसरी आहे, मुंजी आहेत, गणपती आहेत, दादाची स्कूटरसुद्धा आहे. स्वयंपाकघराचा एक फोटो नाही. रात्री जाग आली की तेच आठवत पडते: फडताळ खिडकीच्या कुठल्या बाजूला होतं? दादा म्हणतो उजव्या, वहिनी म्हणते फडताळच नव्हतं. वहिनीचं तुला ठाऊकच आहे. आता तिथे टाइल्स, गॅसचा ओटा. मोबाइलने काय टिपणार, रिकामा ओटा?

तू जाऊन त्याचं चित्र काढशील का? आक्का कुठे बसायची, धूर कुठून जायचा, तुला माहीत आहे. उगाच देखणी करू नकोस तिला. स्वतः काढलेलं चित्र कुणाला देणं तुझ्या जिवावर येतं, तेही माहीत आहे. इथे छाप काढायला चित्रकाराचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवून त्यावरूनच कोरायचे, रेखाटन त्यातच संपायचं. तू त्या कोरणाऱ्याचा हातच पिरगाळला असतास. मी फक्त झेरॉक्स मागतेय. टाळलंस तर बघ. हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं छापली म्हणून 1804 मध्ये उतामारोला 50 दिवस बेड्या घातल्या होत्या.

मिहीरची बारावी कशी गेली? तुझी बदली रद्द झाली का? सविस्तर कळव, आज घाईत आहे.

खरेदीखत दिवाळीनंतर. किल्ली नानांकडे आहे. दुपारी जाऊ नकोस, झोपलेले असतात आणि उठवलं की आपल्या दोघींचे जुने प्रताप काढतात.

तुझी,
वसू